शेवटचे चोवीस दिवस

नऊ मार्क कमी पडले. परदेशात डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे प्रॅक्टिस करण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात ३०० पैकी १५० गुण हवे असतात. माझ्या पुतणीला पहिल्या प्रयत्नात १४१ मिळाले. निकाल लागला त्या संध्याकाळी धाकटा भाऊ माझ्याकडे आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "दादा, ते चोवीस दिवस!" पुढे काही बोलला नाही. मलाही काही विचारावे लागले नाही.

ते २४ दिवस २०२४ च्या जुलैतले. चीनमधला तिचा वैद्यकीय अभ्यासक्रम संपला होता, पदवीचा कागद हातात पडला होता आणि तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपायला अजून २४ दिवस होते. तिने फोनवर सांगितले, "मी जरा चीन बघून येते." घरात एकच गहजब झाला. इथे कोचिंग क्लासची बॅच सुरू झालेली, आईचे डोळे वाटेकडे लागलेले आणि हिला फिरायचे सुचते आहे! कर्जाची कागदपत्रे मीच तयार करून दिलेली असल्यामुळे तिला समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी तिला म्हणालो, "ज्या कामासाठी गेलीस ते काम झालं. आता घरी ये." बँकेत हप्ता थकवणाऱ्या खातेदाराशी बोलताना माझा जो आवाज लागत असे, तोच लागला होता हे मला नंतर जाणवले.

ती शांतपणे म्हणाली, "काका, सहा वर्षांत मी चीन पाहिलाच नाही हो."

हे ऐकून मी हसलो होतो. पण हिशेब मांडला तर तिचे खरेच होते. ती २०१८ साली हुबेई प्रांतातल्या एका शहरात गेली. २०२० च्या जानेवारीत हिवाळ्याच्या सुट्टीला म्हणून एक हँडबॅग घेऊन घरी आली, आणि मागे दार बंद झाले. चीनमध्ये तेव्हा २३ हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी शिकत होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे. त्यातल्या हजारोंची हीच गत झाली. अडीच वर्षांहून अधिक काळ ही मुलगी मागच्या खोलीत मोबाइलवर शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र ऐकत बसली. तिची रजई, राईस कुकर आणि पुस्तके तिकडे हॉस्टेलच्या कपाटात. २०२२ च्या अखेरीस ती परत जाऊ शकली. म्हणजे सहातली तीनच वर्षे प्रत्यक्ष तिथे. तीही कशी? परदेशी मुलांचे हॉस्टेल वेगळे, वर्ग इंग्रजीतून, मैत्रिणी केरळच्या आणि राजस्थानच्या, रात्री कुकरमध्ये वरणभात. चीन काय तो हॉस्पिटलच्या वॉर्डात भेटायचा, आणि तोही आजारी.

पैशांचा प्रश्न तिने आधीच सोडवला होता. विजेवर चालणारी स्कूटर, रजई आणि तो राईस कुकर तिने खालच्या वर्गातल्या मुलींना विकला. खर्चाची वही ठेवली, कारण काका बँकवाला. २४ दिवसांचे ६,१४० युआन झाले. त्या वेळच्या भावाने सत्तर-एकाहत्तर हजार रुपये. वही मी तपासली आहे. बेरीज बरोबर आहे.

मी नोकरीत असताना किती शैक्षणिक कर्जे मंजूर केली याची मोजदाद नाही. त्या योजनेत कोणत्या खर्चाला पैसे द्यायचे याची यादी असते: फी, हॉस्टेल, पुस्तके, विमानभाडे, आणि अभ्यासक्रमाला आवश्यक असेल तर 'स्टडी टूर'सुद्धा. म्हणजे चाळीस मुले एका बसमध्ये कोंबून, पुढे प्राध्यापक बसवून नेली तर तो अभ्यास. आणि तीच मुलगी स्वतः तिकीट काढून एकटी गेली तर ती चैन! मी वर्षानुवर्षे या यादीवर सह्या केल्या आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही.

तिने जलद गाड्या टाळल्या. चीनमध्ये ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाड्यांचे आपल्याकडे फार कौतुक असते. पण तिथे अजून जुन्या, हळू गाड्याही चालतात आणि त्यांचे तिकीट खूपच स्वस्त असते. आपल्या थ्री टायरसारखे एकावर एक तीन बर्थ, डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी, आणि प्रत्येकाच्या हातात पाणी ओतून शिजवायच्या शेवयांचा डबा. शिआनला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत तिच्या खालच्या बर्थवर एक म्हातारी होती. वय किती, लग्न झाले का, वडिलांना पगार किती, हे तीन प्रश्न तिने पहिल्या दहा मिनिटांत विचारले. "काका, मला एसटीत बसल्यासारखं वाटलं," पुतणी सांगत होती.

मुलगी डॉक्टर आहे म्हटल्यावर म्हातारीने पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर गुंडाळला. मग समोरच्या मधल्या बर्थवरून एक बांधकाम मजूर उतरला आणि त्याने खांदा पुढे केला. हिचे चिनी वॉर्डात शिकलेले. कुठे दुखते, कधीपासून दुखते, रात्री जास्त की सकाळी? एवढे तीन प्रश्न ती न अडखळता विचारू शकत होती. वॉर्डात त्यांची उत्तरे एकेका ओळीची असत. ती केसपेपरवर लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायचे. गाडीत रात्रभर वेळ होता. 'कधीपासून' या प्रश्नावर तो मजूर सतराव्या वर्षी गाव सोडले तिथपासून सुरू झाला. कुठल्या कुठल्या शहरांत इमारती बांधल्या, मुलगा आजीकडे वाढतो आहे, तो फक्त नववर्षाला भेटतो. यातले अर्धे तिला समजले, उरलेले म्हातारीने सोप्या शब्दांत समजावून दिले. दहा वाजता डब्यातले दिवे गेले तरी अंधारात त्यांचे बोलणे चालूच होते. सकाळी म्हातारीने तिला दोन उकडलेली अंडी दिली. वहीत नोंद आहे: 'अंडी २, युआन ०'. शून्य रकमेची नोंद केलेली खर्चाची वही मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

शिआन म्हणजे जुने छांगआन, थांग राजवटीची राजधानी. मातीचे सैनिक तिने पाहिले, पण ती रमली 'जंगली हंसाच्या' मोठ्या पॅगोडापाशी. ह्यु-एन-त्संगने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी ६५२ साली बांधलेली ही इमारत. तिथून तिने मला फोन केला आणि विचारले, "काका, हा आपल्याकडे आला होता ना?"

आला होता तर! शाळेत आपण सगळ्यांनी त्याच्यावर टीप लिहिली आहे. पण या माणसाकडे एक परदेशी विद्यार्थी म्हणून मी कधी पाहिले नव्हते. नालंदेला शीलभद्रांकडे त्याचे शिक्षण झाले. सरळ घरी जाता आले असते. गेला नाही. पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे आणि तिथून पश्चिमेकडे हिंडत राहिला, आणि त्या हिंडण्यात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात आला. इथली माणसे उंच, साधी आणि मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नमूद करून ठेवले. सातव्या शतकातला मराठी माणूस परक्याच्या डोळ्यांना कसा दिसला हे आज आपल्याला माहीत आहे, ते त्या भटकंतीमुळे. ६४५ साली तो छांगआनला पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते, आणि ती त्याची कमाई कोणीही मान्य करील. पण महाराष्ट्र काही नालंदेच्या अभ्यासक्रमात नव्हता. (जाता जाता: हा गृहस्थ मुळात निघालाच होता सरकारी परवानगी न घेता. कोणत्याही बँकेने त्याला कर्ज दिले नसते.)

पुढे ती श्चियाच्वांगला गेली. हे मात्र मी सुचवले होते. तोपर्यंत माझा आवाज बराच खाली आला होता. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यातले चौघे परतले. कोटणीसांना वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली. तरी ते पुढे आघाडीवर गेले, भाषा शिकले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. व्ही. शांतारामांचा सिनेमा आमच्या पिढीने पाहिला; हिने नाही. तिने समाधीपाशी फूल ठेवले आणि बराच वेळ बसून राहिली. काय वाटले असे मी विचारले तर म्हणाली, "काही नाही. त्यांचं वय बघत होते."

पेइचिंग, ती प्रसिद्ध भिंत वगैरे झाले. तिथे गर्दी होती, ती त्याबद्दल फारसे बोलत नाही. मग पुन्हा हळू गाडीने देशाच्या उभ्या लांबीतून क्वांगचौला, तिथून हाँगकाँग आणि मुंबई. भारत-चीन थेट विमाने २०२० पासून बंद होती, ती पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली.

मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. तरुणपणी वैनगंगेकाठच्या एका गावात मी तीन वर्षे शाखा सांभाळली. मार्कंड्याची देवळे जवळ होती. रविवारी जाऊ, जाऊ म्हणत राहिलो. बदलीची ऑर्डर आली तेव्हा नव्या जागी रुजू होण्यापूर्वी हक्काचे काही दिवस मिळत होते. ते मी घेतले नाहीत, दुसऱ्याच दिवशी ट्रंक बांधली. वरिष्ठांनी तत्परतेबद्दल शाबासकी दिली. त्या गावाचे आज मला काय आठवते? लेजर, तिजोरीच्या किल्ल्या आणि उकाडा. मार्कंडा अजून पाहिलेले नाही.

या प्रवासाने तिचे काही बिघडले नाही, असे मी भावाला सांगितलेले नाही. २४ दिवस अभ्यास केला असता तर नऊ मार्क मिळाले असते, हे शक्य आहे. ते नऊ मार्क आणखी सहा महिने खातात, क्लासची आणखी एक फी खातात, आणि ती फी माझा भाऊ भरतो, मी नाही. फुकटचा उदारपणा सोपा असतो. पण परीक्षा पुन्हा देता येते. परवाना संपलेल्या मुलीला ते २४ दिवस पुन्हा कोणी देणार नव्हते. उद्या तिच्यासमोर कोणी म्हातारी गुडघा घेऊन बसेल तेव्हा 'कधीपासून' हा प्रश्न ती कसा विचारील, उत्तरासाठी किती वेळ थांबेल, हे मला ठाऊक नाही. पण मला कधी गुडघा दाखवायचा झाला तर मी तिलाच दाखवीन.

परवा भावाकडे गेलो होतो. आतल्या खोलीत तिचे वाचन चालू होते. चहा घेताना मी ह्यु-एन-त्संगची सगळी हकिगत त्याला ऐकवली. त्याने ती लक्ष देऊन ऐकली.

"किती वर्षांनी परत गेला म्हणालास?"

"सोळा."

"आणि त्याचे वडील?"

"ते तो लहान असतानाच वारले होते."

"तरीच!" भाऊ म्हणाला, आणि आतल्या खोलीचे दार हळूच लोटून घेतले.