तुमच्या ॲपचे लॉग नेमके जातात कुठे?

तुम्ही लॉगिन केलं, पैसे पाठवले, की पलीकडचा सर्व्हर एका फाइलमध्ये ओळ लिहितो: वेळ, आयपी ॲड्रेस, काय मागितलं, काय झालं. हीच लॉग फाइल.

मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी युजर्सना पासवर्ड बदलायला सांगितलं. हॅक झाल्याचं आढळलं नव्हतं. एका बगमुळे पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते.

आपल्याकडे हा ढीग आता वाढणार आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ च्या डेटा संरक्षण नियमांनी वैयक्तिक डेटाशी संबंधित लॉगसाठी वर्षभराची मुदत घातली; अंमलबजावणीला १८ महिने दिलेत. किती दिवस ठेवायचे ते ठरलं. पण कुठे आणि कोणाच्या नजरेसमोर?

माझ्या पहिल्या नोकरीत सगळे लॉग एकाच सर्व्हरवर जायचे. पहिल्याच आठवड्यात मला, नव्या पोराला, ग्राहकांचे नंबर आणि ओटीपी दिसत होते!

यावर उपाय म्हणजे लॉगची वाटणी. लिनक्सवर आरसिसलॉग हे काम करतो: लॉगिनच्या नोंदी सिक्युरिटी टीमच्या सर्व्हरवर, वेब सर्व्हरच्या दुसरीकडे, ॲपच्या तिसरीकडे. शिवाय हॅकरने मूळ सर्व्हरवरचे लॉग पुसले तरी दूरची प्रत शाबूत राहते.

आम्ही वाटणी केली, पण नियमाच्या शेवटी 'स्टॉप' लिहायला विसरलो. त्यामुळे ओळी नव्या सर्व्हरवर गेल्या आणि जुन्या सामाईक फाइलमध्येही पडत राहिल्या. दोन महिने आम्ही निर्धास्त होतो.

दुसरी मेख वाटेत आहे. सिसलॉगची जुनी पद्धत यूडीपी, पोर्ट ५१४. त्यात एन्क्रिप्शन नाही, आणि ओळ पोहोचली का हेही कळत नाही. टीएलएस (पोर्ट ६५१४) वापरलं तर वाटेत कोणी वाचू शकत नाही. नेटवर्क पडलं तर ओळी डिस्कवर थांबवून ठेवायची सोयही आरसिसलॉगमध्ये आहे. ती चालू करावी लागते.

तरी माझं मत स्पष्ट आहे: वाटणी ही दुसरी पायरी. पहिली म्हणजे ओटीपी, पासवर्ड लॉगमध्ये लिहायचेच नाहीत. जे लिहिलंच नाही ते फुटणार कुठून?

तुमच्या हातात काय? एकच पासवर्ड दोन ॲपना देऊ नका. आणि 'पासवर्ड बदला' असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर न जाता, थेट ॲप उघडून त्याच दिवशी बदला.