पिवळ्या दिव्याची साक्ष

घरच्या मोटारीस कंपनीबाहेरचा एखादा भाग हौसेनें बसवावा, आणि आठ-पंधरा दिवसांत तिच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळावा, हा अनुभव आतां केवळ पुण्या-मुंबईच्या मंडळींचा राहिलेला नाहीं. जामनेरसारख्या तालुक्याच्या गांवींही तो येऊं लागला आहे. पाचोरा-जामनेर ही चिमुकली रेल्वे २०२० मध्यें बंद झाली. तेव्हांपासून पाचोऱ्यास जावयाचें असो कीं रात्रीं-अपरात्रीं घरांतील वृद्धांस जळगांवच्या दवाखान्यांत न्यावयाचें असो, भरंवसा रस्त्याचा आणि दारांतल्या वाहनाचा. म्हणून या दिव्याचा अर्थ घरांतील एकट्या चालविणारासच नव्हे, तर सर्वांसच ठाऊक असावा, असें आम्हांस वाटतें.

हल्लींच्या मोटारीचें इंजिन एका लहान संगणकाच्या आज्ञेंत चालतें. आंत किती हवा गेली, ती किती उष्ण आहे, बाहेर पडणाऱ्या धुरांत प्राणवायु किती उरला, ही वार्ता त्यास निरनिराळे सेन्सर पुरवितात. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें पूर्ण ज्वलनाचें प्रमाण होय. पीठ पाहून पाणी घालणाऱ्या सुगरणीप्रमाणें संगणक हवा पाहून पेट्रोल सोडतो. हा मेळ त्याच्या आवांक्याबाहेर बिघडला, म्हणजे तो एक सांकेतिक क्रमांक टिपून ठेवतो व दिवा लावतो. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींस ही योजना सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाले, आणि ही देखरेख अधिकच कडक झाली.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. अमुक भाग निकामी झाला, असें दिवा सांगत नाहीं. अमुक ठिकाणचें माप जुळत नाहीं, एवढेंच तो सांगतो. हा भेद न कळल्यामुळें कित्येक लोक चांगला सेन्सर फेंकून नवा विकत घेतात, आणि दिवा मात्र पुन्हां लागतो.

उदाहरण म्हणून एअर फिल्टर घ्या. खानदेशांतील धूळ आणि उन्हाळा पाहून ‘इंजिनास मोकळा श्वास मिळेल’ या आशेनें तरुण मंडळी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवितात. तो बसवितांना हवेच्या उष्णतेच्या सेन्सरचा प्लग काढून परत लावावयाचा राहिला, तर पी ०११३ हा क्रमांक येतो. नळीची क्लिप सैल राहून न मोजलेली हवा आंत शिरली, तर हवा अधिक व पेट्रोल कमी, अशा अर्थाचा पी ०१७१ येऊं शकतो. ज्या गाड्यांत वाहती हवा तापलेल्या तारेनें मोजतात, तेथें तेल लावलेल्या फिल्टरचें तेल त्या तारेवर चढूनही हाच परिणाम होतो. तिन्ही ठिकाणीं सेन्सर निर्दोष असूं शकतो.

सायलेन्सरची गोष्ट याहून गंभीर आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून भारदस्त आवाजाची मोकळी नळी जोडली, कीं मागचा प्राणवायु-सेन्सर तें ओळखतो व पी ०४२० ची नोंद होते. अशा वेळीं सेन्सरास फसविण्याच्या युक्त्याही कोणी सुचवितो. परंतु दिवा विझला तरी कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायु अंगणांत सुटतातच, आणि त्याच अंगणांत आपलीं मुलें खेळत असतात. शिवाय, नोंदलेल्या मूळ रचनेहून निराळा ठरेल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें बंदी आहे. सीएनजी किटही मान्यताप्राप्त असावें व त्याची नोंद आरसी पुस्तकांत करून घ्यावी.

आतां शोधाचा क्रम. प्रथम कोणता भाग केव्हां बसविला व दिवा केव्हां लागला, हें कागदावर लिहावें. नंतर स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटास स्कॅनर लावून क्रमांक वाचून घ्यावा, आणि दोष नोंदला त्या क्षणींचा इंजिनाचा वेग व तापमान हीं जीं संगणकानें जपून ठेवलेलीं असतात, तींही उतरून घ्यावीं. तत्पूर्वीं दिवा पुसूं देऊं नये, बॅटरीची तारही काढूं नये. तसें केल्यास पुष्कळदां साक्षच नाहींशी होते. मग नव्या कामाजवळचे प्लग, क्लिपा व नळ्या हातानें तपासाव्या. एवढ्यानें भागलें नाहीं, तर मूळचा भाग पुन्हां बसवावा, दिवा पुसावा, आणि कांहीं दिवस गाडी चालवून पाहावी. तोच क्रमांक परत आला नाहीं, तर संशय नव्या भागावर ठरला. नवा सेन्सर घेण्याचा विचार याच्याही नंतर.

दिवा स्थिर असून गाडी नेहमींसारखी चालत असेल, तर बेतानें गॅरेजपर्यंत जाण्यास सहसा हरकत नसते. तो लुकलुकूं लागला, तर मात्र वेग कमी करून सुरक्षित जागीं थांबावें. कारण अशा वेळीं न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन तेथें जळतें व तो अतिशय तापतो. वैशाखांत अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करणें म्हणजे आगीस आमंत्रण. आणि तेलाचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागला, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें.

शेवटीं दोन सूचना. जुनी गाडी घेतांना किल्ली फिरवून हा दिवा प्रथम लागतो व इंजिन सुरू होतांच विझतो, हें डोळ्यांनीं पाहावें. मुळींच न लागला, तर तो मुद्दाम मुका केलेला असण्याचा संभव आहे. आणि घरांत कोणी हौसेनें नवा भाग बसविला, तर जुना भंगारांत जाऊं देऊं नये. कापडांत गुंडाळून, तारीख लिहून, तो माळ्यावर ठेवावा. पुढें कधीं दिवा लागला, तर खरें-खोटें ठरविण्यास त्याच्यासारखें साधन नाहीं.