कोरोनाचं भाकीत चिनी कालगणनेत होतं का?

आपल्या 60 संवत्सरांसारखंच चिनी कालगणनेतही 60 वर्षांचं चक्र आहे. ‘वु-युन लिउ-छी’ या पारंपरिक वैद्यकातल्या सिद्धांतानुसार वर्षाच्या चक्रातल्या स्थानावरून हवामान आणि आजारांचा अंदाज बांधतात. 2020 हे ‘गेंगझी’ वर्ष होतं, त्यामुळे कोरोना येणारच होता, असा दावा केला जातो.

तो तपासून पाहू. याआधीची गेंगझी वर्षं 1900 आणि 1960. फ्लूच्या जागतिक साथी मात्र 1918, 1957, 1968 आणि 2009 मधल्या. वुहानचे पहिले रुग्णही डिसेंबर 2019 मधले, म्हणजे आधीच्या चिनी वर्षातले.

ऋतू आणि आजारांचं नातं खरंच आहे. पावसाळ्यात डास वाढतात, डेंग्यू पसरतो. पण डासांना वर्षाचं नाव कळत नाही. असा मेसेज पुढे पाठवण्याआधी न जुळणारी वर्षंही मोजा.