रक्त न येणाऱ्या हिरड्यांचा भ्रम

हिरड्यांतून रक्त येते का, हा प्रश्न आपण मुखरोगाच्या प्रत्येक रुग्णास विचारतो. विडी-सिगारेट ओढणारा रुग्ण पुष्कळदा ‘नाही’ म्हणतो आणि तेवढ्यावरून आपल्या हिरड्या निरोगी आहेत असे समजतो. त्याचे उत्तर प्रामाणिक असते. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र घातक ठरतो.

धूम्रपानामुळे हिरड्यांची लाली, सूज व रक्तस्राव ही लक्षणे दबून जातात, पण दाताला आधार देणारे हाड आतून झिजतच राहते. सुश्रुतसंहितेतील 15 दंतमूलगत रोगांपैकी शीताद व उपकुश यांत रक्तस्राव हे प्रमुख लक्षण होय. तेच झाकले गेल्यावर रुग्ण येतो तो दात हलू लागल्यानंतर, आणि दोष देतो तो वयाला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रोज 10 किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याचा दंतमूलरोग शीघ्रगती श्रेणीत धरला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

याहून नाजूक बाब पुढेच आहे. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांचा रक्तस्राव वाढू शकतो. दबलेले लक्षण प्रकट होते, एवढाच त्याचा अर्थ. रुग्ण मात्र म्हणतो, “विडी होती तोवर बरे होते, तुमच्या मंजनाने हिरड्या बिघडल्या.” तो मंजन टाकतो आणि विडी पुन्हा धरतो. ही शक्यता आधीच समजावून सांगणे हा चिकित्सेचाच भाग आहे. धूम्रपान चालू ठेवल्यास उपचारांचा गुण कमी येतो, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

चरकाचार्यांनी धूमपान सांगितले आहे, असा दाखला काही सुशिक्षित रुग्ण देतात. त्या धूमवर्तीत तंबाखू नाही. ती वनस्पती भारतात आली पोर्तुगीजांच्या काळात. शिवाय अकाली व अतिमात्र धूमपानाचे उपद्रव चरकसंहितेतच वर्णिलेले आहेत.

औषधविक्रेत्या बंधूंचे दायित्वही येथे लहान नाही. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास 1992 पासून बंदी आहे. तरी मशेरीने दात बळकट होतात ही समजूत घरोघरी टिकून आहे. दातांवरील काळे डाग घालविण्यासाठी मंजन मागणाऱ्यास ‘तंबाखू घेता का?’ एवढे अवश्य विचारावे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास 1800-11-2356 हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक द्यावा.

वैद्यबंधूंनी केसपेपरवर तंबाखूची नोंद प्रथम करावी, रक्त येत नसले तरी प्रत्येक दात हलवून पाहावा आणि साचलेले कीट काढण्यासाठी रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे. घट्ट बसलेले कीट मंजनाने निघत नाही, हे मान्य करण्यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही. रुग्णाचा भ्रम वेळीच दूर झाला, तरच त्याचे दात वाचण्याची आशा आहे.