परीक्षकाचा कान, वाचकाचा पैसा

महागड्या ध्वनियंत्रांची खरेदी अनेकदा परीक्षणे वाचूनच ठरते. गेल्या काही वर्षांतील घटनांनी मात्र या परीक्षणांच्या विश्वासार्हतेवरच प्रश्नचिन्ह उभे केले आहे. कोणाचे परीक्षण वाचावे आणि का वाचावे, याचा हा ऊहापोह.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरातील एका रेकॉर्डविक्रेत्याने उपस्थित केलेल्या शंकेने हाय-फायच्या जगात खळबळ उडवून दिली. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी गाजलेल्या ध्वनिमुद्रणांच्या उंची आवृत्त्या तबकड्यांवर काढते. मूळ चुंबकीय फितीवरून थेट उतरवलेली, मध्ये कोणताही डिजिटल टप्पा नसलेली तबकडी, अशी या आवृत्त्यांची ख्याती होती. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४० हजार प्रती काढण्याचे कंपनीने जाहीर केले, तेव्हा इतक्या प्रतींसाठी ती जुनी फीत किती वेळा वाजवावी लागेल, असा साधा हिशेबी प्रश्न उभा राहिला. काही दिवसांतच कंपनीच्या अभियंत्यांनी सत्य मान्य केले. अनेक आवृत्त्यांसाठी मध्ये डिजिटल प्रत वापरली जात होती आणि ही पद्धत २०११ पासून सुरू होती. पुढे ग्राहकांनी न्यायालयाची पायरी चढली.

या प्रकरणात ग्राहकांना बसलेला धक्का स्वाभाविक होता. परंतु खरी नामुष्की परीक्षकांची झाली. डिजिटल ध्वनी आपल्याला तत्काळ ओळखू येतो, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी याच तबकड्यांना 'शुद्ध अॅनालॉग' म्हणून गौरवले होते. शंका आली ती हिशेबातून. कुणाच्या कानाला ती आली नव्हती. मग ज्याचा कान इतका चुकू शकतो, त्याचे लिखाण वाचायचे कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

दोन घराणी

ध्वनियंत्रांच्या परीक्षणाची परंपरा प्रामुख्याने अमेरिकेत रुजली आणि तेथे तिची दोन घराणी झाली. पहिले घराणे मोजमापाचे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाचे ज्युलियन हर्श हे त्याचे अध्वर्यू. यंत्राची विकृती, शक्ती आणि कंप्रतेचा आलेख तपासायचा, आकडे समाधानकारक असतील तर यंत्र उत्तम, ही त्यांची भूमिका. दुसरे घराणे श्रवणाचे. जे. गॉर्डन होल्ट यांनी 'हाय फिडेलिटी' मासिकातून बाहेर पडून १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' सुरू केले. यंत्र घरी आणून, गाणे लावून, काय ऐकू येते ते लिहायचे, हा त्यांचा आग्रह होता. १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन यांनी 'द अॅब्सोल्युट साउंड' काढले. कोणत्याही विद्युत साधनाविना, प्रत्यक्ष सभागृहात ऐकू येणारे वाद्य हाच त्यांचा अंतिम निकष.

दोन्ही घराण्यांचे ऋण मोठे आहे, तसेच दोघांचे दोषही. पहिल्याने आकडे दिले, पण ते आकडे कानाला कसे जाणवतात हे सांगण्याची फारशी तसदी घेतली नाही. दुसऱ्याने ऐकण्याला शब्दसंपदा दिली. मात्र पुढे त्या शब्दांना इतका बहर आला की, केबल बदलताच संगीतावरचा पडदा दूर झाल्याचे दाखले सर्रास छापले जाऊ लागले. विशेष म्हणजे, २००७ मध्ये आपण स्थापन केलेल्या नियतकालिकाशीच बोलताना होल्ट यांनी याची खंत व्यक्त केली होती. यंत्राचे नाव न सांगता घेतलेल्या श्रवणचाचण्यांना या क्षेत्राने नकार दिला आणि तेथेच त्याने आपली पत गमावली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. श्रवणपरीक्षणाच्या प्रवर्तकानेच दिलेला हा कौल दुर्लक्षिण्याजोगा नाही.

डोळ्यांनी ऐकणे

होल्ट यांच्या आग्रहामागे भक्कम कारण आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले. पडदा येताच छोट्या, स्वस्त दिसणाऱ्या संचाचे गुण वाढले आणि अंतर घटले. हे श्रोते ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीचेच कर्मचारी होते. डोळे कानाला फसवतात आणि अनुभवाने ही फसवणूक टळत नाही, हा त्याचा धडा.

आवाजाच्या पातळीचेही असेच आहे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर श्रोत्याला ते 'मोठे' वाटत नाही; 'अधिक स्पष्ट', 'अधिक जिवंत' वाटते. म्हणून पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवल्याखेरीज केलेली तुलना निरर्थक ठरते. अशी काळजी घेऊन 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने १९८७ मध्ये २५ श्रोत्यांना स्वस्त आणि अतिमहाग असे सहा अॅम्प्लिफायर ऐकवले, तेव्हा श्रोत्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत.

अर्थात, सगळी यंत्रे सारखीच असा निष्कर्ष यातून काढणेही उतावीळपणाचे ठरेल. स्पीकरमधील फरक ठळक असतात. बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये 'स्टिरिओफाइल'ला दिलेले आव्हान या संदर्भात उद्बोधक आहे. आपला स्वस्त अॅम्प्लिफायर एका महागड्या अॅम्प्लिफायरसारखा वाजवून दाखवतो, असे त्यांनी सांगितले. परीक्षकांना सुरुवातीला फरक ऐकू आला. कार्व्हर यांनी दोन्हींच्या ध्वनीतील तफावत मोजत यंत्रात बदल केले आणि ४८ तासांच्या आत परीक्षकांनी हार मानली. फरक खरा होता, मोजता येणारा होता आणि पुसून टाकता येणाराही होता. नियतकालिकाने हा पराभव स्वतःच छापला, ही बाब अधिक महत्त्वाची. १९८९ पासून त्याच नियतकालिकात तत्कालीन संपादक जॉन अॅटकिन्सन यांनी श्रवणाच्या अभिप्रायालगत मोजमापे छापण्याची प्रथा रूढ केली. कधी परीक्षक ज्याची स्तुती करतो, त्याच यंत्राचे वैगुण्य आलेखात उघडे पडते. संपादकीय गैरसोय पत्करून वाचकाच्या हाती दोन्ही पुरावे देणारी ही प्रथा अनुकरणीय म्हणावी लागेल.

नकाराची किंमत

परीक्षकापुढचा दुसरा पेच आर्थिक आहे. परीक्षणासाठी यंत्र उत्पादक देतो, जाहिरातही तोच देतो आणि अनेकदा परीक्षकाला ते यंत्र सवलतीत विकतही तोच देतो. या व्यवहारात प्रत्येक परीक्षक विकला जातो असे नव्हे. पण प्रतिकूल लिहिणाऱ्याकडे पुढचे यंत्र येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे नापसंत यंत्राबद्दल लिहायचेच नाही, अशी सोयीची वाट काढली जाते. परिणामी छापून येणारे सारेच उत्तम ठरते आणि 'उत्तम' या शब्दालाच अर्थ उरत नाही.

प्रतिकूल लिहिण्याची किंमत याहून मोठीही असू शकते. २०२४ मध्ये डीसीएस या ब्रिटिश कंपनीने एका स्वतंत्र परीक्षकाला जुन्या परीक्षणावरून कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्याचे उघड झाले. ग्राहकांतून संताप व्यक्त होताच कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. परीक्षकाच्या बचावाला या वेळी त्याचा वाचकवर्ग आला, हे लक्षणीय. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. फुकट वस्तू, सवलत, भेट वा सहल असा कोणताही लाभ घेतला असल्यास तो ठळकपणे सांगणे त्यात अपेक्षित आहे. यंत्र कोणी दिले, परत केले की ठेवून घेतले, या दोन ओळींनी वाचकाला बरेच काही कळते.

आपली खोली, आपले गाणे

मुंबई-पुण्यातील वाचकाला आणखी एक पथ्य पाळावे लागते. परदेशी परीक्षक ज्या खोलीत ऐकतो, ती बहुधा गालिचा अंथरलेली आणि लाकडी सांगाड्याची असते. इथे फरशीवर टाइल्स, चहूबाजूंनी विटा आणि काँक्रीट. दोन समांतर भिंतींत १२ फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज तेथे फुगतो. परीक्षकाच्या प्रशस्त दिवाणखान्यात 'भारदस्त' वाटलेला स्पीकर म्हणूनच दहा बाय बाराच्या खोलीत घुमू लागतो. खोलीची मापे आणि स्पीकरचे भिंतीपासूनचे अंतर न सांगणारे परीक्षण अशा वाचकाच्या उपयोगाचे नसते.

संगीताचेही तसेच. पाश्चात्त्य जॅझच्या तबकडीवर खुललेले यंत्र तानपुऱ्याशी इमान राखेलच असे नाही. तबल्याच्या नादातील स्वरांश सुसंवादी असतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. तानपुऱ्याच्या घोडीचे रहस्यही त्यांनी पुढे अभ्यासले. जवारीचे तेज वरच्या स्वरांशांच्या पुंजात असते. स्पीकर त्या पट्ट्यात जराही भडक असेल, तर जवारीची किरकिर होते. मंद असेल, तर तानपुरा मुका होतो. परीक्षकाने कोणते ध्वनिमुद्रण लावले आणि त्यातील कोणत्या जागी काय ऐकले, हे सांगितले तरच वाचकाला आपल्या संग्रहातील बंदिशीवर ते पडताळता येते.

एवढे पाहिल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर फारसे गूढ राहत नाही. परीक्षकाचा कान अचूक असलाच पाहिजे, ही अपेक्षाच चुकीची आहे. तसा कान कोणाजवळही नाही. वाचनीय परीक्षक तो, ज्याची चूक वाचकाला पकडता येते. तो आपली खोली, आपले संगीत, आपले हितसंबंध आणि तुलनेची पद्धत उघड करतो. मोजमाप आपल्या मताविरुद्ध गेले, तरी ते लपवत नाही. गरज पडेल तेव्हा 'हे घेऊ नका' असे नावानिशी लिहितो. त्याची आवड वर्षानुवर्षे एकसारखी असेल, तर ती आपल्याशी जुळत नसली तरी चालते. त्याला आवडलेले आपल्याला खटकणार, एवढे कळले तरी पैसे वाचतात. तबकडीविषयीचा तो हिशेबी प्रश्न २०२२ मध्ये एका दुकानदाराने विचारला. तो परीक्षकांनी विचारायला हवा होता आणि यापुढे तो परीक्षकांनाही विचारण्याचा हक्क वाचकाने सोडता कामा नये.