‘पारंपरिक’ म्हणजे कुणाच्या बापाचं?

रेकॉर्डच्या पाठीवर एक शब्द छापलेला असतो. पारंपरिक. आयर्लंडच्या रेकॉर्डवर तो ‘ट्रॅड’ असा अर्धाच छापतात आणि पुढं लिहितात, मांडणी अमक्या बँडची. म्हणजे धून कुणाची? कुणाचीच नाही. मांडणी कुणाची? बँडची. मग मांडणीचे पैसे कुणाला? बँडलाच. झालं, हिशेब मिटला.

हा शब्द आपल्याला नवा नाही. हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं यांवर आपल्या बापजाद्यांनी जे उभं केलं, ते कॅसेटवर आलं तेव्हा खाली हाच शब्द आला. म्हणून आयरिश फिडलचं हे प्रकरण मी आपल्या अंकात मांडतोय. कुणी म्हणेल, गोऱ्यांच्या व्हायोलिनचं आपल्याला काय? दोस्तहो, आधी वाचा, मग बोला.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. तारा त्याच चार, गज तोच. पण ते कागद पुढं ठेवून वाजत नाही. चुलीपुढं बसून कानानं शिकायचं आणि नाचणाऱ्याच्या पायाखाली वाजवायचं. जिग आणि रील ही त्या नाचांची नावं. हे रील मोबाइलवरचं नव्हे, त्याच्या शेदोनशे वर्षं आधीचं.

आयर्लंडच्या वायव्येला डोनेगॉल हा डोंगराळ, गरीब मुलूख. तिथली माणसं हंगामाला स्कॉटलंडात बटाटे काढायला जायची आणि येताना मजुरीबरोबर स्कॉटिश धुनाही आणायची. म्हणून तिथला गज आखूड, तुटक, धारदार चालतो. या मुलखातला सगळ्यात नावाजलेला फिडलवाला जॉन डोहर्टी. जन्म १९०० च्या सुमाराचा, मरण १९८० चं. घराणं पत्र्याचं काम करणारं. आपल्याकडचा घिसाडी जसा लोखंड घेऊन गावोगाव फिरतो, तशी ही मंडळी पत्रा घेऊन फिरायची. मग आणि दुधाचे डबे ठोकायची, फुटक्या भांड्याला डाक लावायची. आणि त्याच पत्र्याची फिडलसुद्धा बनवायची! लाकडाची परवडत नाही? मग पत्र्याची वाजवा. जॉन कित्येकदा स्वतःची फिडल न घेताच फिरायचा. ज्या घरी मुक्काम, त्या घरची फिडल खाली काढायची आणि रात्र जागवायची.

डोहर्टी घराण्याला ‘ट्रॅव्हलर’ या जमातीत धरायचं की नाही, यावर वाद घालणारे घालोत. धंदा तोच आणि वाटही तीच. या फिरत्या माणसांना तिथं ‘टिंकर’ म्हणत. पत्र्यावर हातोडी मारणाऱ्याचं नाव, त्याची शिवी झाली. कामाची शिवी कशी होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता नव्या रेकॉर्डांकडे येऊ. २०२३ साली क्लेअरच्या मार्टिन हेजनं ‘पेगीज ड्रीम’ काढली. २०२४ साली आल्तान या बँडनं ‘डोनेगॉल’ या नावानंच रेकॉर्ड काढली. मरेड नी वीनी ही या बँडची फिडलवाली, डोनेगॉलचीच. वाजवणं अस्सल आहे, त्यात भंकस नाही. आणि एक गोष्ट इमानदारीनं सांगितली पाहिजे. आल्ताननं वर्षानुवर्षं डोहर्टीच्या धुना वाजवल्या आणि ही डोहर्टीकडची, असं नाव घेऊन वाजवल्या. चांगला आयरिश वादक धून कुणाकडून मिळाली ते सांगतो. ही रीत आपल्या संगीतवाल्यांनी घ्यावी अशी आहे.

पण नाव घेतलं म्हणजे कर्ज फिटलं काय?

१९६३ साली आयरिश सरकारच्या कमिशननं ट्रॅव्हलर लोकांवर अहवाल दिला. इलाज काय, तर त्यांना इतर समाजात विरघळवून टाका. माणूस म्हणजे काय चहातली साखर? २००२ साली कायदा केला आणि दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावून राहणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. ज्याचं जगणंच वाटेवरचं, त्याची वाटच गुन्हा. २०१० च्या पाहणीत दिसलं की ट्रॅव्हलर पुरुष इतर पुरुषांपेक्षा १५ वर्षं आधी मरतो. २०१५ च्या ऑक्टोबरात डब्लिनजवळ कॅरिकमाइन्स इथं त्यांच्या तात्पुरत्या वस्तीला आग लागली. १० माणसं जळून मेली, त्यांत ५ लेकरं. वाचलेल्यांना दुसरी जागा द्यायची ठरली, तर शेजाऱ्यांनी रस्ता अडवला. मयतीचा धूर विरायच्या आत! त्या शेजाऱ्यांच्या घरात फिडलच्या रेकॉर्ड नसतील असं कोण छातीठोक सांगेल?

१ मार्च २०१७ ला पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत मान्य केलं की ट्रॅव्हलर हा वेगळा वंशसमूह आहे. त्याच वर्षाच्या शेवटी आयरिश पाइप युनेस्कोच्या यादीत गेला. त्या पाइपचा एक मोठा उस्ताद जॉनी डोरन ट्रॅव्हलर होता, घोडागाडीतून फिरणारा. १९४७ साली फिडलवाला जॉन केली त्याच्या मागं लागला आणि त्याचं वाजवणं रेकॉर्ड करवून घेतलं. पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये डोरनच्या गाडीवर भिंत कोसळली आणि तो अधू झाला. १९५० ला गेला. घर असलेल्या एका वादकानं बेघर वादकाचा हात वेळेवर धरला म्हणून ते वाजवणं आज आहे. भाईचारा म्हणतात तो असा.

तेव्हा मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मशीन कुणाच्या हातात, हा सवाल आहे. जॉनचा भाऊ मिकी डोहर्टी, त्याचं वाजवणं लोकसाहित्य कमिशननं १९४९ साली टिपलं. लोकांसाठी रेकॉर्ड निघाली १९९० साली. ४१ वर्षं! तोवर मिकी हयात नव्हता. जॉनच्या हयातीत थोड्या रेकॉर्ड निघाल्या. पण १९६८ ते १९७४ या काळात टिपलेलं ‘द फ्लोटिंग बो’ आलं १९९६ साली. माणूस मेल्यावर धून अमर होते. सोय चांगली आहे. मेलेला माणूस भाडं मागत नाही, जागा मागत नाही, शेजारी राहायला येत नाही.

रेकॉर्डची ताकद किती, तेही बघा. स्लायगोचा मायकेल कोलमन १९१४ साली अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये १९२१ ते १९३६ या काळात त्यानं रेकॉर्ड केल्या. त्या तबकड्या समुद्र ओलांडून गावात परतल्या आणि गावोगावच्या फिडलवाल्यांनी आपला गज टाकून त्याचा उचलला. जे टिपलं गेलं ते परंपरा ठरलं. जे टिपलं गेलं नाही ते झालंच नाही, असं ठरलं. आपला इतिहास असाच गेलाय.

आणखी एक रेकॉर्ड सांगतो. १९६८ ची ‘पॅडी इन द स्मोक’. लंडनच्या हॉलोवे भागात ‘द फेव्हरिट’ नावाचा गुत्ता. पोट भरायला आलेले आयरिश तिथं जमून फिडल वाजवायचे, तिथंच ती टिपली. मागं गिऱ्हाइकांचा गलका तसाच ठेवलाय. मी गोदीत माल उचलतो. पाळी सुटल्यावर बोटं वळत नाहीत, पेन धरायचं तर मूठ आधी सोडवावी लागते. त्या काळी लंडनच्या बांधकामांवर आयरिश मजूर खपत होता. तसल्या राबलेल्या बोटांनी संध्याकाळी तार दाबायची म्हणजे काय, हे ऐकताना मला कळतं. त्यासाठी समीक्षकाची गरज नाही.

म्हणून दोस्तहो, फिडल जरूर ऐका, पण सवाल विचारत ऐका. वाजवणाऱ्यानं धून कुणाकडून घेतली? ज्याच्याकडून घेतली, त्याची नातवंडं आज कुठं राहतात? विक्रीतलं त्यांना काय मिळालं?

आणि आपल्या वस्तीतला म्हातारा हलगीवाला अजून जिवंत असेल तर आज जा. खिशात मोबाइल आहे, सरकारी कमिशनची वाट बघू नका. आधी त्याचं नाव त्याच्याच तोंडून घ्या. मग गाव, उस्ताद कोण, कुठल्या कामावर किती वर्षं राबला ते. मग वाजवू द्या. एक प्रत त्याच्या घरी, एक आपल्याकडे. उद्या कुणी ती धून उचलली आणि खाली ‘पारंपरिक’ छापलं, तर नाव पुढं करा आणि विचारा, परंपरा कुणाची? बोल!

आणि नाव विचारून झालं की त्या म्हाताऱ्याला औषधपाणी मिळतं का, तेही विचारा. नाहीतर आपुन आणि ते कमिशन, फरक काय राहिला?

जय भीम.