शामायचा बुके

मैत्रिणींनो, आपल्याकडे नवरीच्या हातात बुके नसतो. हातात वरमाला, कपाळावर मुंडावळ्या आणि अंबाड्यावर गजरा. बुके येतो तो रिसेप्शनच्या स्टेजवर, तोही चकचकीत कागदात गुंडाळलेला, आणि फोटो झाला की मागच्या खुर्चीवर जाऊन पडतो. त्यामुळे नवरीच्या बुकेवर मी कधी लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता!

बेळगावात कॅम्पाजवळ आमच्या भिंतीला भिंत लागून एक गोव्याकडचं ख्रिश्चन कुटुंब राहतं. मूळचे बार्देशातले. मुलांच्या शाळेसाठी म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात 82 वर्षांच्या आजी आहेत. नातवंडं त्यांना शामाय म्हणतात, म्हणजे कोकणीत आजी. ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना शामाय म्हणायला लागली. त्यांची नात पुण्यात नोकरीला आहे. तिचं लग्न ठरलं ते ईस्टरनंतर, मे महिन्यात, गोव्यातल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये.

मार्चच्या सुरुवातीला पोरगी घरी आली ती थेट माझ्याकडे. "काकू, तुम्ही क्रोशाचं काम करता ना? मला लग्नाचा बुके करून द्याल?" मी म्हटलं, अगं, बुके करतो फुलवाला. तेव्हा तिने मोबाईलवर फोटो दाखवले. त्यात फूल औषधालाही नव्हतं. जुन्या पद्धतीच्या ब्रोच, म्हणजे कोटाला किंवा साडीला लावायच्या खड्यांच्या पिना, मोत्यांची बटणं, लेस, साटीनच्या फिती... सगळं तारेवर बांधून केलेला गोल गुच्छ. याला म्हणे ‘विंटेज’ बुके म्हणतात. तयार मागवायचा तर नव्या शिलाई मशीनएवढी किंमत. आणि गंमत म्हणजे त्यातलं काहीच जुनं नव्हतं. कारखान्यातून नव्या आलेल्या पिना काळपट पॉलिश मारून जुन्या दिसायला लावलेल्या.

तिच्या आईचा जीव वेगळ्याच काळजीत. "फुलं परवडली नाहीत म्हणून पिना खोचल्या, असं म्हणतील लोक," हे त्यांचं पालुपद. पण पोरगी हटून बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर होता घरातल्या दर्शनी भिंतीवरचा एक काळा-पांढरा फोटो. शामायच्या लग्नातला, मे 1962 चा. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फोटोत 19 वर्षांची शामाय हातात मोठा पांढरा बुके घेऊन उभी आहे. साटीनची फुलं, मधे मेणाच्या कळ्या आणि खाली गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या फिती. "मला असाच हवा, काकू. पिना त्यात मी घालीन, पण आकार हाच."

मला काम आवडलं. अशा वेळी मी थोडंफार वाचून काढते, तसं याही वेळी काढलं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1840 मध्ये स्वतःच्या लग्नात डोक्यावर संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला आणि पुढे कितीतरी वर्षं नवरीची फुलं म्हणजे संत्र्याची, असं होऊन बसलं. खरी मिळाली नाहीत तर मेणाची करून घालत. त्या काळात फुलांचा छोटा गुच्छ धरायला चांदीच्या नळकांड्या मिळायच्या, बोटात अडकवायला साखळी असलेल्या. 1845 मध्ये राणी नवऱ्याच्या माहेरदेशी, जर्मनीत गेली तेव्हा तिच्या आजेसासूबाईंनी तिला एक गुच्छ दिला. त्यात मर्टल नावाच्या सुगंधी पानांच्या झुडपाची डहाळी होती. तिचं रोप राणीच्या ऑस्बॉर्न इथल्या बागेत लागलं. 1858 मध्ये तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नात बुकेत मर्टल होतं, 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या बुकेत होतं आणि 2011 मध्ये केटच्याही होतं.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनातून जाईना. 26 एप्रिल 1923. पुढे जी राणी एलिझाबेथची आई झाली, ती मुलगी लग्नासाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शिरली. तिचा एक भाऊ 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. आत जाता जाता तिने हातातला बुके तिथल्या अज्ञात सैनिकाच्या समाधीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी लग्नाला उभी राहिली. तेव्हापासून त्या घराण्यातल्या नवऱ्या लग्न झालं की आपला बुके त्या समाधीवर पाठवतात.

हे सगळं मी पोरीला सांगितलं. म्हटलं, त्या बुकेत जुनं काय होतं? आजेसासूबाईंची डहाळी आणि भावाची आठवण. तर तूही पॉलिश मारलेल्या पिना कशाला विकत घेतेस? शामायकडे असतीलच की.

होत्याच. शामायच्या कपाटात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यांचे यजमान तारवटी होते, म्हणजे बोटीवर नोकरीला. दर खेपेला कुठल्या कुठल्या बंदरातून काहीतरी घेऊन यायचे. त्यातल्या पिना, तुटक्या माळा, बटणं, सगळं त्या डब्यात. पोरीने डबा मागितला. शामाय "बघू" म्हणाल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पोरगी रडकुंडीला आली. "मी तर तिच्याच बुकेची आठवण करतेय आणि तीच रागावली!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाटीभर खीर घेऊन गेले. शामाय एकट्याच बसल्या होत्या. मी फोटोकडे बघून म्हटलं, "किती छान बुके आहे, शामाय." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाय, तो बुके माझा नव्हता."

तो होता भाटकाराच्या घरचा. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि शामायचे वडील त्यांच्या जमिनीवर घर बांधून राहणारे मुंडकार. भाटकारणीने आपल्या लेकीच्या लग्नातला कापडी बुके ठेवून दिला होता. वाड्यावरच्या गरिबाघरच्या लग्नात तो एक दिवसापुरता मिळायचा. संध्याकाळी परत पोचवायचा, डाग न पडता. शामायच्या लग्नात नाच सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या भावाने बुके टॉवेलात गुंडाळून पळत पळत परत नेऊन दिला. "दिवसभर मी तो जपत होते. कुणी जवळ आलं की मागे धरायचे. नवऱ्याकडे काय बघणार?" आणि मग हळूच म्हणाल्या, "अंगणात आमचा मोगरा पांढरा झाला होता, बाय. मला तो हातात हवा होता. पण आई म्हणाली, मोगरा घेऊन गेलीस तर लोक म्हणतील, भाटकारणीनं बुके दिला नाही."

साठ वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. आणि आता नात म्हणत होती, मला असाच हवा.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला माझीच एक चूक आठवली. लग्नानंतर काही वर्षांनी मी माळ्यावरच्या ट्रंकेतून सासूबाईंचं एक जुनं इरकल लुगडं काढलं, टोपपदराचं. हौसेने कापून सोफ्याच्या उशांना अभ्रे शिवले. आल्यागेल्यांनी वाहवा केली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं दिसतंय." त्या गेल्यावर नणंदेकडून कळलं, ते त्यांच्या आईने शेवटच्या दिवाळीला नेसवलेलं लुगडं होतं. विचारलं असतं तर त्यांनी कदाचित दिलंही असतं. पण मी विचारलं नव्हतं. जुन्या लुगड्यांची वाकळ तर आपण पिढ्यान्‌पिढ्या शिवत आलोय. पण कुठलं लुगडं वाकळीला घालायचं आणि कुठलं नाही, हे ते नेसलेली बाईच ठरवायची.

शामायच्या परवानगीने मी ही गोष्ट पोरीला सांगितली. ती उठून गेली आणि आजीजवळ जाऊन बसली. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्या टेबलावर होता. सोबत दोन अटी. एक, लोंबणाऱ्या फिती नकोत. दोन, मधोमध मोगरा हवा.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण असा बुके करायची हौस आणखी कुणाला आली तर उपयोगी पडेल. पहिल्या खेपेला आम्ही डब्यातलं होतं नव्हतं ते सगळं बांधलं, वर बाजारातून आणखी पिना आणल्या. वाण्याच्या काट्यावर ठेवला तर पावणेदोन किलो! नवरीने तो तासभर कसा धरायचा? सगळा सोडला. विकतच्या पिना बाद केल्या. शेवटी 23 पिना राहिल्या आणि वजन आलं 900 ग्रॅम. मधल्या जागा भरायला मी क्रोशाचे पांढरे गुलाब विणले, ते हलके असतात.

पिन कधीही गोंदाने चिकटवू नये. बिजागरीतून बारीक तार ओवून पिळायची, म्हणजे लग्नानंतर पिन जशीच्या तशी सुटून येते. टोकं फुलवाल्यांकडच्या चिकटपट्टीने झाकायची, नाहीतर नवरीच्या डोक्यावरची जाळी हमखास त्यात अडकते. आम्ही जुना जाळीदार पडदा पांघरून तालीम केली तेव्हा तो दोनदा अडकला! दांडीभोवती शामायने स्वतः विणलेली लेस गुंडाळली आणि तिच्यावर पोरीची रोजरीची माळ. मोगरा मात्र ऐनवेळचा. आदल्या संध्याकाळच्या घट्ट कळ्या ओल्या फडक्यात आणि केळीच्या पानात ठेवायच्या, पहाटे ओवायच्या आणि निघताना मधे बसवायच्या. उमललेला मोगरा मे महिन्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत तांबूस पडतो.

डब्यातून निघाल्या त्या 11 पिना. बाकीच्या नात्यातल्या बायकांनी दिल्या. आईची एक, मादीनची म्हणजे धर्ममातेची एक, मावश्या-आत्यांच्या मिळून नऊ. एक चांदीची साडीपिन माझी. प्रत्येकीने देताना पिनेची गोष्ट सांगितली आणि पोरीने ती वहीत लिहून घेतली. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणाऱ्या तिच्या आईनेच शेवटी सगळ्यांना फोन करून पिना गोळा केल्या, हेही सांगायला हवं.

एक पिन मात्र शामायने दिली नाही. निळ्या खड्याची, यजमानांनी पहिल्या सफरीवरून आणलेली. "ती मी लावणार," एवढंच म्हणाल्या. कुणी आग्रह केला नाही.

लग्नाला आम्ही चोर्ला घाटाने गेलो. आदल्या दिवशी रोस, म्हणजे नारळाच्या रसाचा विधी, आपल्या हळदीसारखाच. सकाळी अंगणात बसून मी आणि शामायनी कळ्या ओवल्या. ते जुनं अंगण आता त्यांचं आहे. मुंडकारांना राहत्या घराचा हक्क देणारा कायदा गोव्यात 1975 मध्ये झाला आणि पुढे घराखालची जागा त्यांच्या नावावर झाली. चर्चमध्ये व्हंकल वेदीकडे निघाली तेव्हा तिच्या हाताकडे बघत बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, "ती बघ, ती माझी पिन!" फुलं परवडली नाहीत का, असं कुणी विचारलं नाही.

बुके फेकायचा नाही हे आधीच ठरलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर पोरगी कात्री घेऊन बसली, एकेक तार सोडवली आणि वहीत बघून ज्याची त्याला पिन परत केली. माझी साडीपिन माझ्या हातात ठेवली. शेवटी राहिले क्रोशाचे गुलाब, लेस आणि कोमेजलेला मोगरा. मोगरा तिने शामायच्या ओंजळीत दिला.

शामाय निळ्या खड्याच्या पिनेवरून हात फिरवत हे सगळं बघत होत्या. मोगऱ्याचा वास घेतला आणि एकदम खुदकन हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे हिचाही बुके उसनाच की गं!"